स्टेअरिंग मधेच दगडासारखं जड होतंय? रॅक-कॉलम बदलायच्या आधी हे बघून घ्या

आधीच सांगतो, मी मेकॅनिक नाही. सोलापुरात टॉवेल-नॅपकिनचा माल पोचवायचा धंदा आहे, अक्कलकोट रोड एमआयडीसी ते मार्केट यार्ड रोजच्या तीन-चार फेऱ्या ठरलेल्या. माझी २०१३ ची छोटी हॅचबॅक, तिला इलेक्ट्रिक स्टेअरिंग. मेहुण्याची जुनी डिझेल गाडी टुरिस्टवर चालते, तुळजापूर-अक्कलकोट-पंढरपूर, तिला ऑइलवालं. या दोन गाड्या, शेजाऱ्यांच्या दोन आणि चुलतभावाची एक मिळून स्टेअरिंग जड व्हायची भानगड मी आतापर्यंत नऊ-दहा वेळा निस्तरली असेल, आणि त्यातल्या सात वेळा खर्च हजाराच्या आत गेलाय. पहिल्या वेळी मात्र मला अडतीस हजाराचं एस्टिमेट हातात दिलं होतं. म्हणून हे लिहायला घेतलं.

या बिघडलेल्या गाड्यांची नावं लिहीत नाही, कारण हा प्रॉब्लेम कुठल्याही कंपनीच्या गाडीत येतो आणि नाव लिहिलं की लोकं गाडीवरच भांडत बसतात.

लक्षणं

इलेक्ट्रिक स्टेअरिंगचं असं असतं: गाडी चांगली चाललेली असते आणि वळणावर अचानक हातातलं बळ गेल्यासारखं स्टेअरिंग घट्ट होतं, मीटरमध्ये स्टेअरिंगचं चित्र आणि शेजारी उद्गारचिन्ह, नाहीतर नुसतं ईपीएस (इलेक्ट्रिक पावर स्टेअरिंग) असा पिवळा दिवा लागतो, गाडी बंद करून परत सेल मारला की सगळं मस्त, जसं काही झालंच नव्हतं. मग दोन दिवसांनी परत. किंवा एसी, हेडलाईट आणि काच खाली करायचं बटण एकदम दाबलं की क्षणभर जड. किंवा सकाळी पहिल्या सेलला दिवा आणि नंतर दिवसभर नाही.

ऑइलवाल्याचं वेगळं असतं. ते अचानक जात नाही (बेल्ट तुटला तर जातं), हळूहळू जड होत जातं, फुल वळवलं की घूंऽऽ असा पंपाचा आवाज, सकाळी जास्त, गाडी उभी असते तिथं फरशीवर लालसर चिकट डाग, कधी वळवताना बेल्टची किंचाळी. एका बाजूला हलकं आणि दुसऱ्या बाजूला जड असं झालं तर तो बहुतेक रॅकच्या (पुढची चाकं वळवणारा खालचा आडवा दांडा) आतला मामला.

तिसरा प्रकार म्हणजे स्टेअरिंग कायमच जड, दिवा नाही, आवाज नाही, डाग नाही. यात पावर स्टेअरिंगचा काही दोष नसण्याचीच शक्यता जास्त, पण गॅरेजवाले पहिलं बोट तिकडंच दाखवतात.

एक वही किंवा मोबाईलमध्ये लिहून ठेवा, कधी झालं, गाडी गरम होती का थंड, एसी चालू होता का, दिवा लागला का नाही, स्पीडोमीटरचा काटा तेव्हा चालत होता का. हे फालतू वाटतं पण मधेच येणारा फॉल्ट गॅरेजच्या दारात गेला की शहाण्या पोरासारखा गप्प बसतो, आणि मग तुमचं तोंडी वर्णन ऐकून मिस्त्री अंदाजाने पार्ट बदलतो. स्पीडोमीटरचं मुद्दाम लिहिलं, कारण इलेक्ट्रिक स्टेअरिंग गाडीच्या स्पीडनुसार कमी-जास्त मदत करतं, हायवेला मुद्दाम घट्ट, पार्किंगला हलकं. काटाही मेला आणि स्टेअरिंगही बिघडलं तर स्टेअरिंगला हात लावायच्या आधी स्पीड सेन्सर बघायचा.

चालत्या गाडीत गेलं तर काय, हे पण इथंच सांगून टाकतो. पुणे हायवेला मोहोळच्या अलीकडं एकदा मेहुण्याचा बेल्ट तुटला तेव्हा तो घाबरून चावी फिरवणार होता. चालत्या गाडीत चावी कधीही बंद करायची नाही. स्टेअरिंग लॉक बसू शकतं, आणि इंजिन बंद झालं की ब्रेकचा बूस्टर पण दोन-तीन दाबात संपतो. पावर गेली तरी चाकाचा आणि स्टेअरिंगचा लोखंडी जोड तसाच असतो, वळतं, फक्त ताकद लागते. दोन्ही हात, वेग कमी, चारी इंडिकेटर, डावीकडं.

तुमच्याकडं कुठलं स्टेअरिंग आहे

बोनेट उघडा. झाकणावर स्टेअरिंगचं चित्र असलेली छोटी ऑइलची डबी दिसली तर हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलवालं. जुनी बोलेरो, स्कॉर्पिओ, क्वालिस असल्या गाड्यांना ते असतं. नसेल तर बहुतेक इलेक्ट्रिक, म्हणजे वॅगनार, स्विफ्ट, आय१० वगैरे, यांची मोटर बहुतेक डॅशबोर्डखाली कॉलमवरच (स्टेअरिंगपासून खाली जाणाऱ्या दांड्यावर) बसवलेली असते. हे आधी ठरवा. आमच्या शेजारच्या काकांना एकाने इलेक्ट्रिक स्टेअरिंगच्या गाडीत "स्टेअरिंग ऑइल बदललं" म्हणून बिल लावलं होतं, काय बोलणार.

पहिलं बघायचं ते टायर, हसू नका

पुढच्या दोन टायरची हवा. ड्रायव्हरच्या दरवाजाच्या चौकटीवर स्टिकर असतो त्यावर आकडा असतो, छोट्या गाड्यांना साधारण ३०-३३ पीएसआय. वीसवर आलेला टायर रस्त्यावर पसरतो, रबर जास्त चिकटतं, स्टेअरिंग ओढायला जास्त जोर. माझ्या चुलतभावाची तक्रार "पावर गेली" अशी होती, पुढचा डावा टायर चौदावर होता, वाळू-खडीच्या रस्त्यावर खिळा बसलेला. पंक्चरवाल्याला किरकोळ पैसे देऊन विषय संपला. थंड टायरवर बघा, विजापूर रोडवरून उन्हात दहा किलोमीटर चालवून आल्यावर बघितलं तर आकडा फुगलेला दिसतो.

रुंद टायर टाकून घेतले असतील तर ते पण कारण. गाडी दिसते भारी, हात दुखतात.

दुसरं, दिवा आणि गरम झालेली मोटर

चावी ऑन केली, सेल मारला नाही, तेव्हा स्टेअरिंगचा दिवा लागायला पाहिजे आणि इंजिन चालू झालं की विझायला पाहिजे. लागतच नसेल तर दिव्याचं सर्किट किंवा फ्यूज. नुसत्या चावीवर, इंजिन बंद असताना, स्टेअरिंग फिरवून "जड आहे" म्हणू नका, इलेक्ट्रिकवालं सुद्धा इंजिन चालू असल्याशिवाय मदत करत नाही.

आणि एक खास आपल्याकडचं. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसात होम मैदानाच्या आसपास पार्किंग शोधताना माणूस जागच्या जागी डावीकडं फुल, उजवीकडं फुल असं वीस-पंचवीस वेळा करतो. उभ्या गाडीत स्टेअरिंग फिरवताना मोटर सगळ्यात जास्त करंट खाते आणि तापली की कंट्रोल युनिट (स्टेअरिंगचा छोटा कॉम्प्युटर) स्वतःहून मदत कमी करतं, मोटर जळू नये म्हणून. दहा-पंधरा मिनिटं थांबलं की परत हलकं. हा बिघाड नाही. गाडी जरा सरकवत सरकवत वळवायची सवय लावा, ऑइलवाल्यालाही हेच, फुल लॉकला पाच सेकंदाच्या वर धरून ठेवायचं नाही, पंप ओरडतो तो त्याचसाठी.

तिसरं, बॅटरीचे टर्मिनल. इथं जास्त वेळ द्या

माझा पहिला किस्सा हाच. मे महिना, दुपारचे अडीच, आसरा चौकातून आत वळताना स्टेअरिंग दगड झालं आणि दिवा लागला. कसंबसं बाजूला घेतलं, बंद-चालू केलं, ठीक. असं आठवड्यात चार वेळा. एका मोठ्या गॅरेजला नेलं, तिथं न उघडताच कॉलम गेला म्हणाले, अडतीस हजार आणि पार्ट यायला आठ दिवस. पैसे नव्हते म्हणून तसाच घरी आलो, आणि दुसऱ्या दिवशी हॉर्नच्या कामाला म्हणून आमच्या वायरमन मामांकडं गेलो. मामांनी बोनेट उघडलं, बॅटरीच्या निगेटिव्हचा क्लॅम्प दोन बोटात धरला आणि फिरवला. फिरला की राव, बाटलीच्या झाकणासारखा!

"हे बघ की बे, हातानं फिरायलंय. याच्यावर तू पन्नास अँपियर मागायलास."

तेवढं घट्ट करून मामांनी वीस रुपये पण घेतले नाहीत. नंतर त्यांनी समजावलं ते सांगतो. गाडीत सेल सोडला तर सगळ्यात जास्त करंट एका झटक्यात ओढणारी वस्तू म्हणजे हे स्टेअरिंग. रेडिओ, दिवे, हॉर्न यांना पाच-दहा अँपियर पुरतो, त्यामुळं ढिल्या क्लॅम्पवर पण ते नीट चालतात आणि माणसाला वाटतं बॅटरी मस्त आहे. स्टेअरिंगने एकदम चाळीस-पन्नास मागितले की त्या ढिल्या जागी व्होल्टेज पडतं, युनिट म्हणतं मला पुरत नाही आणि सुरक्षेसाठी बंद होऊन दिवा लावतं. बंद-चालू केलं की युनिट परत तपासतं, तेव्हा लोड नसतो, सगळं बरोबर दिसतं. म्हणून तो लपाछपीचा खेळ.

करायचं काय: इंजिन बंद, चावी खिशात. आधी निगेटिव्ह काढायचा मग पॉझिटिव्ह, लावताना उलटं, आधी पॉझिटिव्ह. कारण पॉझिटिव्ह सोडवताना पाना बॉडीला टेकला आणि निगेटिव्ह लावलेलाच असेल तर ठिणगी, वाईट ठिणगी. दहाचा पाना लागतो बहुतेक. पांढरी-हिरवी भुकटी जमली असेल तर पेलाभर कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा, ओतलं की फसफसतं, जुन्या टूथब्रशने घासा, बॅटरीच्या वरच्या झाकणातून आत जाऊ देऊ नका, डोळ्याला चष्मा ठेवा. मग साध्या पाण्याने धुऊन कोरडं करून पोस्ट (बॅटरीचा शिशाचा खुंटा) आणि क्लॅम्पची आतली बाजू पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासा, लावा, घट्ट करा, वरून व्हॅसलीनचा हात. क्लॅम्प पूर्ण आवळूनही फिरत असेल तर तो पसरलाय, नवीन घ्या. मधे पत्र्याची पट्टी खुपसायचा जुगाड मी पण केलाय, तीन महिन्यात परत तेच.

बॅटरी काढल्यावर घड्याळ आणि काचेची ऑटो सेटिंग जाते, आणि काही गाड्यात स्टेअरिंगचा दिवा लागलेलाच राहतो, इंजिन चालू करून एकदा डावीकडं फुल, एकदा उजवीकडं फुल केलं की बऱ्याचदा विझतो. घाबरू नका.

चौथं, मीटर लावा

तीन-चारशे रुपयाचा मल्टिमीटर घ्या, आयुष्यभर पुरतो. रात्रभर उभी गाडी, सकाळी सेल मारायच्या आधी बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास पाहिजे, १२.२ म्हणजे अर्धी. सेल मारताना दुसऱ्याला बघायला सांगा, साडेनऊच्या खाली आपटत असेल तर बॅटरी म्हातारी. इंजिन चालू, १३.८ ते १४.५, नव्या काही गाड्यात कॉम्प्युटर मुद्दाम कमी-जास्त करतो ते सोडा. आता खरी परीक्षा: एसी, हेडलाईट, पंखा सगळं चालू आणि जागेवर स्टेअरिंग फुल वळवा. मीटर क्षणभर खाली येऊन परत चढला तर ठीक, बाराच्या खाली जाऊन तिथंच रेंगाळला तर अल्टरनेटर नाहीतर बॅटरी. आपल्याकडं एप्रिल-मेला ४२-४३ डिग्रीत गाडी दिवसभर उन्हात उभी असते, उष्णता बॅटरीला थंडीपेक्षा जास्त मारते, माझ्या बॅटऱ्या अडीच-तीन वर्षांच्या वर कधी गेल्या नाहीत. पाणी टाकायची बॅटरी असेल तर उन्हाळ्यात महिन्याला झाकण उघडून बघा, आणि टाकाल ते डिस्टिल्ड, बोअरचं नाही. आपलं बोअरचं पाणी म्हणजे नुसता क्षार.

पाचवं, अर्थची वायर

टर्मिनल चकाचक, बॅटरी नवी, तरी आठ महिन्यांनी माझं परत सुरू झालं. या वेळी बॅटरीपासून बॉडीला जाणारी अर्थची वायर, जिथं बोल्टने पत्र्याला बसवलेली असते, तिथं खाली गंज आणि धूळ. वरून दिसायला बोल्ट घट्ट. हे डोळ्यांना सापडत नाही, मीटरला सापडतं. मीटर डीसी व्होल्टवर, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह पोस्टवर (शिशाच्या पोस्टवरच, क्लॅम्पवर नाही), लाल पिन बॉडीच्या उघड्या लोखंडावर, इंजिन चालू, आणि दुसऱ्याने स्टेअरिंग वळवायचं. आकडा ०.२ च्या आत पाहिजे. माझा ०.९ दाखवत होता. म्हणजे जवळजवळ एक व्होल्ट त्या एका बोल्टखाली वाया. बोल्ट काढला, रंग आणि गंज घासून पत्रा उघडा केला, नवीन वायर अडीचशे रुपयाची, घट्ट. इंजिनला जाणारी दुसरी अर्थ असते ती पण तशीच बघा, काळी पिन तिथंच, लाल पिन इंजिनच्या लोखंडावर.

स्टेअरिंगचा मोठा फ्यूज बोनेटमधल्या डब्यात असतो, ५०, ६० नाहीतर ८० अँपियरचा, झाकणाच्या आत नकाशा छापलेला असतो. काही गाड्यात तो स्क्रूने आवळलेला असतो आणि स्क्रूच ढिला होतो, तेवढं बघा. उडालेला असेल तर त्याच आकड्याचा एकदा बदला. परत उडाला तर थांबा. मोठा फ्यूज किंवा वायर गुंडाळून गाडी पेटवलेले लोक आहेत.

कनेक्टर काढून बघायचं असेल तर बोनेटमधले बघा, हिरवट झालेत का, उंदराने वायर कुरतडलीय का. इंजिनवर प्रेशरने पाणी मारून धुऊन आणल्यानंतर दोन दिवसात दिवा लागला असेल तर कनेक्टरमध्ये पाणी, उघडून वाळवा. डॅशबोर्डखालच्या कनेक्टरला मी हात लावत नाही, का ते पुढं.

ऑइलवाल्या स्टेअरिंगचं

डबीवर मिन-मॅक्सच्या खुणा असतात, काहींवर गरम-थंड वेगळ्या. एक गोष्ट डोक्यात बसवा, हे ऑइल चालता चालता जळून किंवा उडून कमी होत नाही. कमी झालं म्हणजे कुठंतरी गळतंय. नुसतं वरून भरत राहणं म्हणजे फुटक्या माठात पाणी. ऑइलचा फेस झाला असेल तर हवा शिरलीय, काळं आणि जळका वास असेल तर जुनं झालंय, बदला.

कुठलं ऑइल ते झाकणावर किंवा पुस्तकात लिहिलेलं असतं, बऱ्याच जुन्या गाड्यांना लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरचं ऑइल) चालतं पण सगळ्यांना नाही. आणि ब्रेक ऑइल कधीच नाही. मेहुण्याने पंढरपूरच्या वाटेवर रात्री, दुसरं काही मिळालं नाही म्हणून कुणाच्या तरी सांगण्यावरून ब्रेक ऑइल ओतलं. आतले रबरी सील फुगले, आठवड्याच्या आत पंप आणि रॅक दोन्हीकडून गळायला लागलं. साडेतीनशे रुपयाच्या ऑइलच्या जागी साडेआठ हजाराला बसलं. त्यापेक्षा जड स्टेअरिंगने हळू गेला असता तर बरं.

गळती शोधायला रात्री गाडीखाली जुने पेपर पसरा, सकाळी डाग कुठं पडला त्यावरून कळतं. डबीपासून खाली येणारी जी मऊ नळी, तिचा क्लिप ढिला असेल तर पेचकसने आवळा, वीस रुपयाचं काम. चाकाजवळ रॅकच्या टोकाला घड्यांचं रबर असतं ते दाबून बघा, आत ऑइल खुळखुळलं किंवा बाहेर ओघळलं तर रॅकचा सील गेला, ते घरचं काम नाही. आणि जाड, टोकाला लोखंडी क्रिंप असलेला प्रेशर पाईप, त्याला क्लिप-रबर-एमसील काही लावायचं नाही. टायरमध्ये तीस पीएसआय असतात, या पाईपमध्ये फुल वळणाला हजाराच्या वर जातात. सायलेन्सर तिथंच जवळ तापलेला असतो आणि ऑइल पेटतं.

बेल्ट: इंजिन बंद करून बघा, चमकदार गुळगुळीत झालाय का, चिरा आहेत का. साध्या बेल्टला मधोमध अंगठ्याने दाबलं तर साधारण सेंटीमीटरभर लवला पाहिजे, जास्त लवला तर घसरतो आणि म्हणून किंचाळतो. आमच्या एमआयडीसीतल्या गाड्यांना यंत्रमागाचा कापसाचा भुगा आणि रस्त्याची धूळ मिळून बेल्टवर थर बसतो, हे दुसरीकडं कमी बघितलंय मी.

ऑइल भरल्यावर हवा काढायची तर पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून, डबी उघडी, स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत पंधरा-वीस वेळा हळूहळू, मधे मधे ऑइल भरत. बुडबुडे थांबले की मग इंजिन चालू.

चाकं उचलून एक परीक्षा

ही मला फार उशिरा कळली आणि सगळ्यात जास्त कामाला आली. सपाट काँक्रीटवर, मागच्या चाकांना दगड, हँडब्रेक, पुढची दोन्ही चाकं उचलून खाली स्टँड. नुसत्या जॅकवर नाही, आणि काळ्या मातीच्या रानात तर अजिबात नाही, जॅक तिरका होऊन आत जातो. इंजिन बंद, चावी फक्त एवढी फिरवा की लॉक सुटेल. आता स्टेअरिंग फिरवा. चाकांवर वजन नाही, पावर पण नाही, म्हणजे जे जड लागतंय ते फक्त लोखंडाचं. सहज फिरलं तर सांधे ठीक आहेत, दोष बहुतेक पावरमध्ये. तरी अडकत-अडकत, एका ठिकाणी घट्ट एका ठिकाणी सैल असं फिरलं तर पावरचा काही संबंध नाही. कॉलमखालचा क्रॉस (दांड्याचा फिरता सांधा) सुकलाय, नाहीतर बॉल जॉइंट, नाहीतर शॉकॉप्सरच्या डोक्यावरचं बेअरिंग. शेजारच्या काकांच्या गाडीचा क्रॉस गंजून धरला होता, त्यांना रॅक बदला म्हणून सांगितलेलं. अठराशेत झालं मजुरीसकट.

इथं हात वर करा

स्टेअरिंग आपोआप एका बाजूला ओढतंय, वळवल्यावर मधोमध परत येत नाही, किंवा थोडं फिरवलं तरी चाक हलत नाही असा खुळखुळा आहे: गाडी चालवतच न्यायची नाही, टोइंग करा. प्रेशर पाईप गळतोय, फ्यूज परत परत उडतोय, जळका वास येतोय, तेव्हाही तेच. पैसे वाचवायची ही जागा नाही.

टर्मिनल, अर्थ, व्होल्टेज सगळं बरोबर आणि तरी दिवा येतो, तर स्कॅनर लागतो, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले फॉल्टचे कोड वाचणारं यंत्र. हजार-बाराशेचे जे ब्लूटूथवाले छोटे ओबीडी स्कॅनर मिळतात ते बहुतेक फक्त इंजिनचे कोड वाचतात, स्टेअरिंगच्या युनिटपर्यंत पोचत नाहीत, त्यामुळं त्यात काही दिसलं नाही म्हणून फॉल्ट नाही असं समजू नका. वायरमनला विचारूनच जा, स्टेअरिंगचं युनिट वाचणारा स्कॅनर आहे का.

आणि कॉलम स्वतः काढायचा नाही. यूट्यूबवर सोपं दिसतं. बऱ्याच गाड्यात स्टेअरिंगमध्ये एअरबॅग असते, बॅटरी काढल्यावरही तिच्या सर्किटमध्ये थोडा वेळ चार्ज राहतो, तोंडापुढं फुटली तर डोळा जातो. शिवाय नवीन कॉलम बसवल्यावर टॉर्क सेन्सरचा (हाताचा जोर मोजणाऱ्या सेन्सरचा) मधला बिंदू स्कॅनरने शिकवावा लागतो, नाहीतर गाडी सरळ रस्त्यावर एका बाजूला मदत करत राहते.

पैशाचं

हे मी किंवा ओळखीच्यांनी दिलेले आकडे, तुमच्या गाडीला वेगळे असतील. टर्मिनलची जोडी दोनशे, अर्थ वायर अडीचशे, बेल्ट मजुरीसकट सहा-सातशे, बॅटरी जुनी देऊन साडेचार हजार, प्रेशर पाईप अठराशे, रॅकचे सील बदलून ओव्हरहॉल साडेचार हजार. नवीन कॉलमचं एस्टिमेट अडतीस हजार, तोच दुरुस्त करून देणारे चौदा हजार सांगतात, सहा महिने गॅरंटी. भंगारातला जुना घ्यायचा तर पार्ट नंबर जसाच्या तसा जुळला पाहिजे, दिसायला सारखा म्हणून घेऊ नका.

एस्टिमेट घेताना एकच विचारायचं, कोड काय आला आणि लोडवर व्होल्टेज किती होतं. कागदावर लिहून मागा. उत्तर नसेल तर गाडी उचला. जुना पार्ट परत मागा. गाडी वॉरंटीत असेल तर आधी तिकडं जा, बाहेर वायरिंगला हात लागला की ते मोकळे होतात. चेसिस नंबर टाकून कंपनीच्या साइटवर रिकॉल (दोष निघाला म्हणून कंपनीने गाड्या परत बोलावणं) आहे का तेही बघा, असेल तर फुकटात होतं. विम्यात झिजलेला पार्ट येत नाही, त्या नादात बसू नका.

आता माझंच सांगतो. मागच्या महिन्यात परत दिवा लागला. मी मोठ्या तोऱ्यात मीटर घेऊन बसलो, टर्मिनल चकाचक, लोडवर १३.६, अर्थ ०.०८, फ्यूज घट्ट, चाकं उचलून बघितली, लोणी. दोन दिवस घालवले. मामांकडं नेली, त्यांनी स्कॅनर लावला, टॉर्क सेन्सरचा कोड, पुसला तरी दहा मिनिटात परत. मामा म्हणाले, "या वेळी खरंच गेलाय बे, तुझ्या पॉलिश पेपरनं नाही व्हायचं." कॉलम दुरुस्तीला पुण्याला पाठवलाय, चौदा हजार ठरलेत, शुक्रवारी येईल म्हणाले होते आज सोमवार झाला, टॉवेलचे गठ्ठे सध्या मेहुण्याच्या गाडीत टाकून नेतोय आणि त्याच्या पंपाचा घूंऽ आवाज ऐकतोय.